बाभळीची वाळकी फांदी

वीज बंद ठेवून काम करायचं परमिट पाऊण तासाचं होतं. सबस्टेशनमधून फिडर, म्हणजे तिथून निघणारी वीजवाहिनी, बंद झाल्याचा निरोप आला, आम्ही डिस्चार्ज रॉड टाकून अकरा केव्हीची (अकरा हजार व्होल्टची) लाईन जमिनीला जोडली, म्हणजे अर्थ केली आणि हाताखालचा पोरगा कोयता कंबरेला खोचून बाभळीवर चढला. एप्रिलचा दुसरा आठवडा, हिप्परगा तलावाच्या अलीकडचं शेत, सकाळी नऊलाच अंगाची लाही. पावसाळ्याआधी तारांजवळच्या फांद्या तोडायचं हे काम मी सोलापुरात एकोणीस वर्षं करतोय. आधी वाळकी फांदी, मग ओली, हा आमचा शिरस्ता. वळवाच्या वाऱ्यात वाळकीच आधी मोडून तारेवर येते.

पोरानं कोयता उचलला आणि तसाच थांबला.

"अण्णा, फांदी आतनं वाजतीय."

"काय वाजतंय बे?"

"किरकिर. सारखी."

मी वर गेलो. पोटरीएवढी जाड, तिरकी, साल सुटलेली फांदी. तिच्या खालच्या अंगाला, जमिनीकडे तोंड करून, दोन बोटं जातील एवढं गोल भोक. कडा येण्याजाण्यानं गुळगुळीत झालेल्या. कान लावला तर आतून बारीक, न थांबणारी किरकिर. पिल्लं होती.

माझ्या पोटात खड्डा पडला, कारण गेल्या वर्षी अक्कलकोट रोडला अशीच एक फांदी मी स्वतःच्या हातानं तोडली होती. खाली पडून ती उभी चिरली आणि आतून तीन अंडी निघाली. पांढरीशुभ्र, चकचकीत, एकावरही ठिपका नाही. खाली काडी नाही, पीस नाही, नुसता लाकडाचा चुरा. दोन फुटली होती. तिसरं हातात घेतलं तर कोमट होतं. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

नंतर आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींना ते सांगितलं. ते पक्षी बघायला नान्नजच्या माळरानावर जातात. ते म्हणाले, "अहो, तो मराठा सुतार. आपल्याच मुलखाचं नाव लावतो." १८०१ साली जॉन लॅथम या इंग्रज पक्षितज्ज्ञानं त्याचं वर्णन केलं आणि शास्त्रीय नावात 'माहरॅटेन्सिस' आलं, ते आजही आहे. पाकिस्तानपासून श्रीलंका, म्यानमार आणि त्याहीपलीकडे तो आढळतो, पण नाव मराठ्यांचं. दाट जंगल त्याला नको. बाभळी, आमराया, रस्त्याकडेची झाडं असा कोरडा, विरळ मुलूख लागतो. म्हणजे आपलं सोलापूरच की! लांबी जेमतेम १७-१८ सेंटिमीटर, बुलबुलाहूनही थोडा लहान. काळ्या पाठीवर पांढरे ठिपके, पिवळसर कपाळ, पोटावर लाल डाग. नराच्या डोक्यामागे लाल पट्टा असतो, मादीला तो नसतो. वाळक्या लाकडात किड्यांच्या अळ्या असतात आणि ते पोखरायलाही सोपं जातं, म्हणून त्याचं पोट आणि घर दोन्ही तिथंच. भोक फांदीच्या खालच्या बाजूनं पाडलं की ऊनपाऊस आत येत नाही. तो सोडून गेला की त्याच घरात पीतकंठी चिमणी संसार मांडते. मी इतकी वर्षं ज्याला नुसतं 'वाळकं' म्हणत होतो, ते हे होतं.

तर आता फांदी समोर, परमिटाची सव्वीस मिनिटं उरलेली. वरिष्ठांचा फोन आला, झाड पूर्ण साफ करा म्हणून. त्यांचंही चूक नव्हतं. तारेला फांदीच्या टोकाचा धोका होताच. पण भोक बुंध्यापासून हातभर अंतरावर होतं, तारेकडे गेलेली फांदी त्याच्या पुढे. तेवढीच काढली तर लाईन मोकळी आणि घर शाबूत.

कोयता खाली ठेवायला लावला. घाव बसला की फांदी हादरते, चिरते. करवत मागवली. टोकाला दोर बांधून वरच्या ओल्या फांदीवरून घेतला, खाली दोघांनी ताणून धरला आणि पोरगा हळू हळू कापत गेला. भुसा माझ्या मानेवर पडत होता. मी भोकाखाली तळहात धरून होतो, एखादं पिल्लू बाहेर पडलंच तर म्हणून. किरकिर थांबली होती. ते मला सगळ्यात वाईट वाटलं.

टोक दोराला लोंबकळलं, अलगद खाली आलं. पाहिलं, उरलेल्या फांदीला एकही चीर नाही. तार तिथून चांगली लांब राहिली.

रॉड काढले, शिडी काढली, सगळे बांधापलीकडे जाऊन बसलो. फोन पुन्हा वाजला, मी उचलला नाही. सात मिनिटं कोणी बोललं नाही. मग "क्लिक, क्लिक" करत तो आला, बुंध्याला चिकटला. डोक्यामागे लाल पट्टा. दोन बोटं पुढं, दोन मागं रोवलेली, ताठ शेपूट टेकूसारखी लावलेली. चोचीत पांढरी अळी. कापलेल्या टोकापर्यंत सरकला, थांबला, मागं आला आणि उलटा होऊन भोकात शिरला. आत एकदम कल्ला उठला.

पोरगा माझं मनगट घट्ट धरून बसला होता.

मी सबस्टेशनला फोन लावला. "माणसं खाली, रॉड काढले. लाईन क्लिअर."