मेदेजिन, आणि दादाचा एक्सएल टीशर्ट

निघायच्या आदल्या रात्री दादाचा मेसेज, "येताना पाब्लोचा टीशर्ट आण, एक्सएल." मी पण अंगठा टाकला. पाब्लो एस्कोबार या कोलंबियातल्या कुख्यात ड्रग माफियावरची सिरीज बघूनच तर तिथलं तिकीट काढलं होतं, खोटं कशाला बोलू. शहराचं नावसुद्धा मी मेडेलिन मेडेलिन करत होते, एअरपोर्टवरून येताना टॅक्सीवाल्याने हसत हसत दुरुस्त केलं, मेदेजिन.

लाउरेलेस भागात एका काकूंच्या घरी खोली घेतली होती. पहिल्या सकाळी अरेपा (मक्याची जाडसर भाकरीच, वर लोणी आणि चीज) खाता खाता मी मोबाईलवर ट्रान्सलेट करून विचारलं, एस्कोबारचं घर कुठेशी आहे? काकूंनी वाचलं, फोन पालथा ठेवला आणि माझ्या कपात कॉफी ओतायला लागल्या. कप भरलेलाच होता, सगळी कॉफी बशीत. मग एवढंच म्हणाल्या की तेव्हा अंधार पडला की आई आम्हाला खिडकीजवळ बसू द्यायची नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी डोंबिवलीची. 12 मार्च 1993 ला, मुंबईत बॉम्बस्फोट झाले त्या दिवशी, बाबा फोर्टात ऑफिसला होते, रात्री किती वाजता घरी आले ते आई अजून सांगते. उद्या कोणी गोरा आमच्याकडे पोहे खाता खाता दाऊदचं घर दाखवा म्हणाला, तर? एस्कोबार मारला गेला तोही त्याच वर्षी, 2 डिसेंबरला. म्हणजे या गोष्टी काही फार जुन्या नाहीत, ज्यांनी भोगलं ते बसमध्ये आपल्या शेजारी बसलेले असतात.

एस्कोबार राहायचा ती मोनाको बिल्डिंग 2019 च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडली आणि तिथे त्या काळच्या हिंसाचारात मेलेल्या लोकांच्या आठवणीत बाग केली. तिथे मी गेले, एकही सेल्फी न काढता. पण मला जास्त लागलं ते सान अंतोनियो चौकातलं. बोतेरो या कोलंबियाच्या शिल्पकाराने केलेला ब्राँझचा गुबगुबीत पक्षी होता तिथे, 1995 मध्ये गाण्याचा कार्यक्रम चालू असताना त्यात बॉम्ब फुटला, वीसहून जास्त माणसं गेली. बोतेरोने फुटका पक्षी हलवू दिला नाही, नंतर त्याच्या बाजूला दुसरा अख्खा दिला. आता दोघं शेजारी शेजारी. फुटक्याच्या पोटातून आरपार दिसतं, पत्रा फुलासारखा बाहेर उलटलाय, आणि खाली नावं कोरलीयेत. पोरं बाजूला आरामात चिप्स खात बसलेली.

कोमुना 13 ला मात्र अक्षरशः जत्रा. डोंगरावरची दाट वस्ती, 2002 च्या ऑक्टोबरमध्ये इथे लष्कर आणि पोलीस हेलिकॉप्टरं घेऊन घुसले होते, कित्येक लोक गायब झाले ते झालेच. 2011 मध्ये उघड्यावरचे सरकते जिने बसवले, वस्तीतल्या लोकांना चढण सोपी जावी म्हणून. आणि आम्ही टूरिस्ट काय करतो, तर जिन्याच्या तोंडाशीच उभं राहून रील! एक आजी दोन्ही हातात भाजीच्या पिशव्या घेऊन मागे उभ्या, बिचाऱ्या काही बोलल्या पण नाहीत. आमचा गाईड वस्तीतलाच पोरगा होता, तोच ओरडला, तेव्हा सगळे सरकले. (गाईड घ्यायचा तर वस्तीतलाच घ्या, आणि 'फ्री टूर' म्हणजे शेवटी टिप द्यायची असते, फुकट नसते ती.) एस्कोबारचे टीशर्ट तिथेही लटकलेले होते. विकणाऱ्याला नावं ठेवणारी मी कोण, आमच्यासारखे घेतात म्हणून तो विकतो.

उतरताना एका गाडीवर चक्क कैरी! लांब लांब काप, ग्लासात, वर मीठ आणि लिंबू. पाणीच सुटलं तोंडाला. मी सवयीने फोन वर केला तर बाईंनी तोंड फिरवलं. फोन खिशात टाकला, 'बुएनास' म्हटलं (इथे दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना हे म्हणायचंच, नाहीतर उद्धट समजतात), एक ग्लास घेतला, तिथेच उभी राहून खाल्ला आणि मोबाईलवर ओळ दाखवली, आमच्याकडे यावर तिखट पण टाकतात. बाई खळखळून हसल्या, अजून चार काप टाकले आणि फोनकडे बोट दाखवून म्हणाल्या, आता काढ.

तो फोटो मी इथे टाकत नाहीये, इंटरनेटवर टाकू का हे विचारायचं राहूनच गेलं.

दादासाठी अर्धा किलो कॉफी आणली. अजून फुगलाय.