शास्ते, अध्याय एकोणिसावा

माझ्या लहानपणी आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर कौटुंबिक प्रार्थना होत असे आणि तिचा कारभार पूर्णपणे आजीकडे होता. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकापर्यंत ओळीने, रोज एक अध्याय, काहीही न गाळता वाचायचे, हा तिचा नियम. गणना या पुस्तकातल्या शिरगणतीच्या अध्यायांना आम्हा भावंडांना हटकून डुलक्या लागत. मी अकरा वर्षांची असताना शास्ते या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय आला, आणि त्या रात्री मात्र कोणालाही डुलकी लागली नाही.

ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एफ्राइमच्या डोंगराळ प्रदेशातला एक लेवी, म्हणजे इस्राएलातल्या देवसेवेसाठी नेमलेल्या वंशातला माणूस, रुसून माहेरी गेलेल्या आपल्या उपपत्नीला आणायला बेथलेहेमला जातो, आणि परतताना ती दोघे गिबा नावाच्या गावी एका म्हाताऱ्याच्या घरी मुक्काम करतात. रात्री गावगुंड घराला वेढा घालतात, तेव्हा तिला बाहेर ढकलले जाते. पहाटे ती दारात पडलेली असते, तिचे हात उंबरठ्यावर असतात, आणि नवरा तिला म्हणतो, ‘ऊठ, आपण जाऊ.’ ती उत्तर देत नाही. घरी पोचल्यावर तो तिच्या देहाचे बारा तुकडे करून इस्राएलाच्या सर्व प्रांतांत पाठवतो. अख्ख्या अध्यायात त्या बाईला नाव नाही, आणि तिच्या तोंडी एक शब्दही नाही. दारात ती मेलेलीच होती की नाही, हेसुद्धा मूळ हिब्रू मजकूर स्पष्ट सांगत नाही. ‘ती मेली होती’ हा खुलासा जुन्या ग्रीक भाषांतरात आढळतो, बहुधा त्या भाषांतरकारालाही ती शंका सहन झाली नसावी.

आजीने अध्याय शेवटपर्यंत वाचला. एरवी ती वाचनानंतर दोन वाक्यांत त्यातला बोध सांगत असे. त्या रात्री तिने पुस्तक मिटले, चष्मा काढला आणि म्हणाली, “हे मला कळलं नाही. उद्या विसावा.” मग नेहमीसारखी प्रभूची प्रार्थना म्हणून आम्ही उठलो, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच विसावा अध्याय वाचला गेला.

त्या वेळी मला हे उत्तर फारच तोकडे वाटले होते. पुढे मी स्वतःहून शास्त्र वाचू लागले तेव्हा भरघोस उत्तरे देणारी माणसे मला पुष्कळ भेटली. कोणी सांगितले की त्या काळाची रीतच तशी होती, कोणी म्हणाले की हा जुना करार आहे आणि आपण नव्या करारातली माणसे, तर काहींनी प्रत्येक अवघड वचनाचे रूपक करून दाखवले. ही शेवटची युक्ती फार जुनी आहे. बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांचे १३७ वे स्तोत्र नद्यांकाठी बसून रडण्याने सुरू होते आणि शत्रूची तान्ही बाळे खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणून संपते. संत ऑगस्टीन यांनी त्यातली बाळे म्हणजे मनात नुकत्याच जन्मलेल्या वाईट वासना आणि खडक म्हणजे ख्रिस्त, असा अर्थ लावला होता. उपदेश म्हणून तो सुंदर आहे, यात वाद नाही. पण ज्यांचे शहर जळाले आणि ज्यांची स्वतःची मुले डोळ्यांदेखत मारली गेली, त्यांचा तो सूडाचा आक्रोश त्या अर्थात कुठे उरतच नाही, आणि मला तरी तो ऐकू येत राहतो.

अशा वेळी मला पंडिता रमाबाईंचा आधार वाटतो, आणि तो त्यांच्या शंकांमुळे वाटतो. इंग्लंडमधील वाँटेज येथे १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर काही वर्षे तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार चालला, त्यात त्यांनी त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) सिद्धांतासकट अनेक गोष्टींवर निर्भीडपणे प्रश्न विचारले. पुरोहितांच्या जोखडातून आपण मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, आता तसलेच दुसरे जोखड घेण्याची आपली तयारी नाही, असे त्यांनी कळवून टाकले. चर्चच्या शिकवणीविषयी इतक्या शंका असलेल्या या बाईने पुढे काय केले, तर हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची अखेरची वर्षे संपूर्ण बायबलाच्या मराठी भाषांतरात घालवली, आणि तेही साध्या, कमी शिकलेल्या बायकांना समजेल अशा मराठीत. त्या १९२२ मध्ये वारल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मी त्यांचा विचार करते तेव्हा ‘शास्ते’चा एकोणिसावा अध्याय हटकून आठवतो. संपूर्ण बायबल म्हटल्यावर तोही आलाच. टाकून दिलेल्या, छळलेल्या मुली-बायकांना आसरा देणाऱ्या त्या घरात बसून त्यांनी ‘उंबरठा’ लिहिला तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल, कोण जाणे.

त्या अध्यायाचे शेवटचे वचन मी कितीतरी वर्षे नुसते वाचून पुढे गेले होते. मिसर देश सोडल्यापासून असे काही घडले नाही, असे लोक म्हणतात, आणि मग तीन आज्ञा येतात: याचा विचार करा, मसलत करा, बोला. समजावून सांगा, असे तिथे म्हटलेले नाही. पुढे होशेय संदेष्ट्याने आपल्या पिढीच्या अधःपाताला ‘गिबाच्या दिवसांची’ उपमा दिली, म्हणजे त्या रात्रीचा विसर शास्त्राने स्वतःलाही पडू दिलेला नाही. हे कळल्याने प्रसंग सुसह्य होत नाही. मात्र ते वाचून माझ्या पोटात जो गोळा उठतो तो माझ्या विश्वासातली उणीव आहे, ही भीती तेवढी गेली.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूचे बोलणे ऐकून बरेच शिष्य, हे वचन कठीण आहे, असे म्हणून निघून जातात, आणि तुम्हीही जाता का, असे तो आपल्या निवडक बारा शिष्यांना विचारतो. त्या बारांपैकी पेत्राच्या उत्तरात ‘ते कठीण वचन आम्हाला समजले’ असे कुठेच नाही. आम्ही कोणाकडे जाणार, असे तो उलट विचारतो. संडे स्कूलमध्ये हे उत्तर आम्हाला ठाम निष्ठेची कबुली म्हणून पाठ करायला लावले होते. आता मला त्यात थोडी अगतिकताही ऐकू येते, आणि तो पेत्र मला जवळचा वाटतो. त्याच्याच नावाच्या दुसऱ्या पत्रात पौलाच्या लिखाणात समजायला कठीण अशा काही गोष्टी आहेत, अशी कबुली आहे, हेही इथे नमूद करायला हरकत नाही.

यंदा १ जानेवारीपासून मी माझ्या मुलीसह उत्पत्तीपासून वाचायला घेतले आहे. आजीचाच नियम, रोज एक अध्याय. मी मोजून पाहिले. शास्तेचा एकोणिसावा हा सुरुवातीपासून २३० वा अध्याय आहे, आणि एकही दिवस चुकला नाही तर तो १८ ऑगस्टला येईल. मुलगी अकरा वर्षांची आहे. एखाद-दुसरा दिवस चुकवून ती तारीख पुढे ढकलण्याचा मोह मला आताच होतो आहे, पण गाळायचे नाही एवढे ठरले आहे. वाचून झाल्यावर तिने काही विचारले, तर आजीचे ते सहा शब्द मला तिच्याइतक्या शांतपणे म्हणता येतील की नाही, याची खात्री नाही.