आमचे कॅटेकिस्ट बाबा गेले

आज इथे आफ्रिकेतल्या मलावीत आमच्या कॅटेकिस्ट बाबांना, म्हणजे गावोगाव धर्मशिक्षण देणाऱ्या आमच्या बाबांना, माती दिली. मी वसईहून आलो तेव्हा इथल्या चिचेवा भाषेचा एक शब्द येत नव्हता, यांनीच सायकलच्या कॅरिअरवर बसवून गावोगाव फिरवलं, बोलायला शिकवलं. रात्रभर बायका अंगणात गात होत्या, घराघरातून मक्याचं पीठ नि लाकडं आलेली, मयताच्या घरी इथे कोणी रिकाम्या हाताने येत नाही. सकाळी अझुकुलूंनी, म्हणजे मयताची कामं करणाऱ्या गावातल्या माणसांनी, कबर खणली, ते काम त्यांचंच असतं. प्रार्थना मला म्हणायची होती पण आवाजच फुटेना, मग त्यांच्या धाकट्या लेकीने गाणं उचललं आणि सगळं गाव तिच्यामागे गायला लागलं. फादर म्हणून कितीतरी जणांना निरोप दिलाय, पण आज माझं माणूस गेलंय. उद्या परत त्यांच्या घरी जातोय, काकींनी, म्हणजे बाबांच्या बायकोने, कालपासून काही खाल्लेलं नाही.