घोड्यांची बांधाबांध

आज दिवसभर घोडे गुंडाळले. हो, घोडेच! लेक कॉलेजला निघालीय आणि तिचे २२ ब्रेयर (ब्रेयर कंपनीचे संग्रहातले खेळण्यातले घोडे) ॲटिकमध्ये टाकायचे, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"आई, ॲटिकमध्ये अजिबात नाही!" किंचाळलीच.

हे घोडे सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकचे. न्यू जर्सीच्या उन्हाळ्यात छपराखाली भट्टी पेटते, त्यात पाय वाकतात बिचाऱ्यांचे. म्हणजे माझ्या साड्यांचं कपाट गेलं!

उत्साहाने बबल रॅप आणला, तोही नापास. फुगे महिनोन्‌महिने रंगाला टेकून राहिले की गोल गोल वण उठतात म्हणे. आधी टिशू पेपर, त्यावर मऊ कापड, मग बबल रॅप. पायांमधल्या पोकळीत कागदाचे बोळे. कान आणि शेपटी हा नाजूक प्रांत, तिथे मला हातच लावू दिला नाही. वर्तमानपत्र तर घरात निषिद्ध. मागे एका विक्रेत्याने घोडा तसाच पेपरात गुंडाळून पाठवला होता, त्याच्या पांढऱ्या पोटावर शाईचा डाग अजून आहे.

१:९ मापाचे (खऱ्या घोड्याच्या नवव्या हिश्श्याचे) मोठे घोडे त्यांच्या मूळ पिवळ्या, खिडकीच्या खोक्यांत गेले. (ती खोकी मी तीनदा रद्दीत टाकायला निघाले होते. गप्प बसले.) १:३२ चे चिमुकले घोडे, म्हणजे स्टेबलमेट्स, काजूकतलीच्या रिकाम्या डब्यात, दोन-दोन, कापसावर.

खोक्यांवर नावं घालायचं राहिलंय. साड्या अजून पलंगावरच आहेत.