आमचं पॅनेल आम्हीच मोडीत काढलं

आमची फर्म छोटी, ऑफिस कोथरूडला. भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक भाग बनवणाऱ्या कंपन्यांना टेस्टिंगचं सॉफ्टवेअर पुरवायचं, हा धंदा. सुरुवातीला सगळी कंत्राटी कामं, पगार त्यातूनच निघायचे. मग स्वतःचं म्हणावं असं एक प्रॉडक्ट उभं राहिलं: व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरचं एक्स्टेन्शन, म्हणजे त्याला जोडायचा पूरक भाग. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्या इंजिनिअरने एडिटर न सोडता टेस्ट चालवायच्या. काही लॅपटॉपवरच्या सिम्युलेटरवर (कंट्रोलरची नक्कल करणारा प्रोग्राम), काही लॅबमधल्या बेंचवर. बेंच म्हणजे खरा कंट्रोलर (गाडीच्या भागातला छोटा संगणक), पॉवर सप्लाय, रिले (विजेने चालणारे स्विच) आणि वायरींचं जंजाळ.

पहिल्या आवृत्तीत आमचं स्वतःचं पॅनेल होतं. आमचा लोगो, आमचे रंग, टेस्टची यादी, प्रोग्रेस बार, वर सेटिंग्जचा फॉर्म. डेमोला फार उठून दिसायचं. पण ते वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे एडिटरच्या आत उघडणाऱ्या वेबपेजमध्ये, बांधलेलं. पॅनेल झाकलं की आतली स्थिती पुसली जायची. टिकवून ठेवायची सोय आहे, पण ती मेमरी खाते. शिवाय एडिटरची थीम काळी आणि आमचं पॅनेल पांढरंफटक.

एडिटरकडे तोवर स्वतःची टेस्टिंगची सोय आलेली होती. जुलै 2021 च्या 1.59 आवृत्तीत टेस्टिंग एपीआय (एक्स्टेन्शनने एडिटरची ही सोय वापरायचा मार्ग) सर्वांसाठी खुला झाला: बाजूच्या पट्टीत चंचुपात्राचं चिन्ह, कोडच्या ओळीशेजारी हिरवा त्रिकोण, नापास झाल्यावर तिथेच लाल फुली. तरी आम्ही पॅनेलला चिकटून होतो, कारण विकायला तेच दाखवायचो. भोसरीच्या एका क्लायंटकडच्या टेस्ट विभागाच्या मॅडम एका मीटिंगमध्ये सरळ म्हणाल्या, "अहो, तुमचं पॅनेल छान आहे हो, पण माझी मुलं दिवसभर कोडमध्ये बघतात. त्यांना तिथेच सांगा ना काय मोडलंय." मग आम्ही रीडिझाइन हाती घेतलं.

यादीचं काम तुलनेने सोपं गेलं. गूगलटेस्ट आणि पायटेस्ट ही टेस्ट लिहायची-चालवायची तयार साधनं. गूगलटेस्टला टेस्टची नावं विचारली की तो देतो, पायटेस्टही देतो. मोठ्या प्रोजेक्टमध्ये सगळं एकदम भरायचं नाही. यादीतली फांदी उघडली की तिच्यातल्या टेस्ट आणायच्या, एवढं पथ्य. सेटिंग्जचा फॉर्म अख्खा गेला. त्याच्या जागी रनचे दोन प्रोफाइल आले, सिम्युलेटर आणि बेंच. ज्या टेस्टना खरा कंट्रोलर लागतो त्यांना टॅग लावला, त्यामुळे त्या चुकूनही सिम्युलेटरवर जात नाहीत. नापास टेस्टखाली 'काय हवं होतं' आणि 'काय आलं' हे शेजारी-शेजारी एडिटरच दाखवतो. आमचा लाल-हिरवा तक्ता त्यापुढे फिका होता, हे मान्य करायला मला तरी जड गेलं नाही.

खरा वेळ गेला तो थांबवण्याच्या बटणावर. सिम्युलेटरवर प्रोसेस मारली की विषय संपला. बेंचवर तसं करून चालत नाही. टेस्ट अर्ध्यात मारली तर रिले चालूच राहतो, सप्लाय तसाच व्होल्टेज देत बसतो, आणि पुढच्याची टेस्ट काहीतरी भलतंच सांगते. एडिटर त्या बटणावर फक्त 'थांबा' अशी विनंती देतो, थांबायचं कसं ते एक्स्टेन्शनने ठरवायचं. म्हणून आमच्याकडे थांबवलं की आधी सप्लाय बंद, मग रिले मोकळे, मग बेंच सोडल्याची नोंद, आणि त्यानंतर रन संपला असं एडिटरला कळवायचं. मधले काही सेकंद बटण दाबूनही काही होत नाहीये असं वाटतं, म्हणून आउटपुटमध्ये 'बेंच मोकळा करतोय' अशी ओळ छापतो. (त्या आउटपुटला ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला परतायची खूणही लागते, नुसती खालच्या ओळीवर जायची खूण, न्यूलाइन, दिली की मजकूर जिन्यासारखा उजवीकडे उतरत जातो.)

दुसरा गुंता रांगेचा. बेंच एक, इंजिनिअर अनेक. एडिटरच्या एपीआयमध्ये 'रांगेत' आणि 'सुरू' या दोन वेगळ्या अवस्था आहेत, त्या आम्ही काटेकोर वापरल्या. बेंच हातात आल्याशिवाय टेस्ट 'सुरू' दाखवायची नाही. त्यामुळे वेळ मोजला जातो तो टेस्टचाच, वाट पाहण्याचा नाही. जुन्या पॅनेलात दोन्हीला एकच गोल फिरणारं चिन्ह होतं आणि "टेस्ट एवढी स्लो का?" असे फोन यायचे. ते फोन आता क्वचितच येतात.

विक्रीची चिंता मात्र खरी होती. आमच्या मार्केटिंगवाल्याने कपाळाला हात लावला: "सर, आता दाखवायचं काय? सगळं तर एडिटरचंच दिसतंय." एका क्लायंटने रिन्युअलच्या वेळी विचारलंच, मग पैसे कशाचे? आम्ही उत्तर दिलं, रांगेचे आणि सुरक्षित थांबवण्याचे. त्यांनी घासाघीस केली, पण सही केली. लायसन्सचा हिशोबही बदलला. आधी माणशी होता, आता बेंचमागे आहे. वापरणारे वाढले म्हणून कुणी हात आखडता घेत नाही.

सध्या कव्हरेजचं, म्हणजे टेस्टनी कोडच्या किती ओळी चालवून पाहिल्या ते दाखवायचं, काम चालू आहे. मार्च 2024 च्या 1.88 आवृत्तीपासून एडिटर कव्हरेज स्वतः रंगवून दाखवतो, त्यामुळे सिम्युलेटरवरचे जीकोव्हचे (कव्हरेज मोजणारं साधन) आकडे तिथे पोचवणं फार अवघड नाही. बेंचवर मात्र कंट्रोलरला फाइल सिस्टिमच नसते, मेमरी तुटपुंजी, आणि सगळे आकडे सिरियल केबलवरून बाहेर काढावे लागतात. त्यामुळे नव्या कोटेशनमध्ये आम्ही सिम्युलेटरचं कव्हरेज धरलंय, बेंचचं नाही.