घरातली हवा मोजली तेव्हा

सिंहगड रस्त्यावर राहायचं म्हणजे खिडक्या बंद, हा आमच्या घरचा अलिखित नियम. धूळ बाहेर, आपण आत, विषय संपला. तरी गेल्या हिवाळ्यात सकाळी उठलं की माझं डोकं जड असायचं आणि आईचा खोकला दोन महिने हटला नाही.

छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि विचारलं, "घरात रोज काय काय जाळता?"

"काही नाही हो," आई म्हणाली. रिक्षात बसल्यावर मी बोटांवर मोजलं: सकाळी दोन उदबत्त्या, तिन्हीसांजेला धूप, रात्री डासांची कॉइल.

भाच्याकडून हवा मोजायचं यंत्र आणलं. स्वस्तातलं, त्यामुळे आकडे काटेकोर धरू नका. आम्ही दोघं झोपतो त्या खोलीत पहाटे कार्बन डायऑक्साइड २,३०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २,३०० भाग! बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो, आणि हजारावर गेला की हवा खेळत नाहीये असं समजायचं. प्युरिफायर घ्यायचं मनात होतं, पण तो धूळ गाळतो, कार्बन डायऑक्साइड नाही. आमचे पैसे वाचले.

खरा धक्का स्वयंपाकघरात. मिरचीची फोडणी पडली आणि पीएम २.५ चा, म्हणजे फुफ्फुसात खोलवर जाणाऱ्या अतिबारीक कणांचा, आकडा तीनशेपार. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा १५ आहे, आपल्याकडची ६०. फोडणी दोन मिनिटांची हे मान्य, पण धूर तासभर खाली बसेना. एक्झॉस्ट फॅन आहे की! स्टुलावर चढून पाहिलं, तर मागे पुठ्ठा. कबुतरं घरटं करतात म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच चिकटवलेला. मागे काड्या, पिसं आणि वाळलेल्या विष्ठेचा थर. ती कोरडी झाडली तर भुकटी थेट फुफ्फुसात जाते, म्हणून मास्क लावून, पाणी मारून सगळं खरवडलं आणि बाहेरून जाळी ठोकली.

कॉइल गेली, मच्छरदाणी आली. रात्री दार उघडं आणि मागच्या बाजूची खिडकी चार बोटं फटीत. रस्त्याकडच्या खिडक्या दुपारी उघडतो, कारण थंडीत पहाटे धूर जमिनीलगत साचलेला असतो. आता पहाटेचा कार्बन डायऑक्साइडचा आकडा नऊशेच्या आत असतो. डोकं हलकं झालं. खोकला बराच कमी आहे, पूर्ण गेलेला नाही.

उदबत्तीवर मात्र आठवडाभर वाटाघाटी झाल्या. शेवटी ती बाल्कनीत तुळशीपाशी लागते. धूर वरच्या काकूंकडे जातो. त्या अजून काही बोललेल्या नाहीत.