आमची वाटचाल : पाचाचं पाकीट

वडिलांनी सोलापूरच्या पूर्व भागात चार माग बसवले. माल म्हणजे चादर आणि टर्किश टॉवेल. चादरीला उठाव नव्हता, त्या वर्षी एका हॉस्पिटलची ऑर्डर मिळाली: ऑपरेशनचे होल टॉवेल (मधे भोक असलेले), गाऊन आणि पोटाच्या ऑपरेशनला लागणारे मॉप, म्हणजे आतलं रक्त टिपायचे कापडाचे जाड तुकडे. कापड आपलं, शिलाई आपली, मग अवघड काय, असं वाटलं.

अवघड होतं तूस. चादरीचं तूस झटकलं की जातं. मॉपचं पोटात राहिलं तर तिथे गाठ धरू शकते, आतडी चिकटू शकतात. सुतावरची कांजी पुरती उतरली नाही तर मॉप रक्त शोषत नाही. मागावर जन्म गेला तरी हे आम्हाला थिएटरच्या सिस्टरांनी शिकवलं.

मॉपच्या पाकिटात पाच नग. एकदा रात्री तातडीचं सिझेरियन होतं. पाकीट मोजून घ्यायला सवड मिळाली नाही आणि टाके घालायच्या आधी मोजणीत एक मॉप कमी भरला. वापरलेले मॉप टाकायची बादली उपसली, एक्सरे काढला, पेशंट तशीच टेबलावर. मॉप पोटात नव्हताच. आमच्या पाकिटातच चार होते. सकाळी सिस्टरांचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत, फक्त झालेलं सांगितलं. त्या दिवशी मी माग बंद ठेवले आणि गोदामातलं प्रत्येक पाकीट फोडून मोजलं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी तपासयादी दिली, तिच्यात ही मोजणी आहे. पण मोजणी चुकली तर? म्हणून मॉपमध्ये बेरियम सल्फेटचा धागा घालतात. एक्सरेत तो पांढरी रेघ होऊन दिसतो. आमचा पहिला धागा ओढल्यावर शिवणीतून सुटला. मग तो पदरांच्या मधे घेऊन दोन्ही टोकांना उलट टाके दिले. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, 121 अंशांवर वारंवार घालून पाहिला, टिकला. हॉस्पिटलच्या सर्जननी पोटाऐवजी पाण्याची पिशवी घेऊन तिच्याखाली मॉप ठेवून एक्सरे काढला. ती रेघ बघताना माझे डोळे भरून आले.

दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीच्या कापडाची जाळी हर्नियाच्या ऑपरेशनला, पोटाच्या कमकुवत जागेला आधार म्हणून, वापरली. तशा स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी युगांडात तुलना झाली, तो अभ्यास 2016 मध्ये छापून आला. वर्षभरानंतर निकालात फरक नव्हता. कापडवाल्याला याहून मोठा अभिमान कुठला! जाळी बनवा, असं आम्हालाही सुचवलं गेलं. नाही म्हणालो. शरीरात कायम राहणाऱ्या वस्तूला लागणारी तपासणी आमच्या शेडमध्ये होत नाही.

आता पाकीट दोघी मोजतात. आमच्याकडे काम करणाऱ्या अक्का तेलुगूत, 'ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू', आणि समोरची मराठीत. दोघींचे पाच जुळले की गाठ, आणि चिठ्ठीवर दोघींच्या सह्या. सिस्टर तरीही पाकीट फोडून पुन्हा मोजतात. मोजायलाच हवं.